आगाशी देश, अर्नाळा देश

बारावीच्या वर्गाला दोन देशांचा व्यापारतोल शिकवायचा म्हणजे मुलं लगेच जांभया द्यायला लागतात. एक देश माल जास्त विकतो, दुसरा सेवा; वस्तूंमध्ये दुसऱ्याची तूट, सेवांमध्ये पहिल्याची. आकडे लिहून लिहून माझाच हात दुखायचा. म्हणून मी फळ्यावर दोनच देश लिहिते: आगाशी आणि अर्नाळा.

आगाशी देश म्हणजे माझी आई, आशालता. अर्नाळा देश म्हणजे तिची मैत्रीण कमळीमावशी. आमच्या वाडीतली केळी, पडवळ, अळू तिकडे जायचं. तिकडून सुके बोंबील आणि जवळा यायचा. मालात शिल्लक कायम आगाशीची, कारण आईचा हात सढळ आणि मावशी घासाघीस करण्यात पटाईत. सेवांचा रकाना काढला की मात्र पारडं फिरायचं. आई मावशीला पोलकी शिवून द्यायची, एवढीच आमची निर्यात. मावशीनं माझ्या बाळंतपणात सव्वा महिना रोज येऊन मला आणि लेकीला तेल लावून रगडलं होतं! मुलं हसतात आणि तूट-शिल्लक त्यांच्या डोक्यात पक्की बसते. काय दिवस होते ते. मावशी अंगणात पाटी उतरवायची आणि दोघींचं भांडण शेजारच्या वाडीपर्यंत ऐकू जायचं.

यंदा रचना नावाच्या मुलीनं विचारलं, "मॅम, सध्या कोणाचा बॅलन्स प्लसमध्ये आहे?"

"सध्या व्यापार बंद आहे," मी म्हटलं आणि घाईघाईनं फळा पुसला.

आई वारली त्याला वर्ष होत आलं. दिवसकार्याला मावशी आली, कोपऱ्यात बसून राहिली, त्यानंतर फिरकली नाही. मीही एव्हरशाईन सोसायटीतल्या माझ्या फ्लॅटमधून उठून तिच्याकडे गेले नव्हते. ती तुटली तर आईशी कडाकडा भांडलेलं माणूसच मला उरणार नव्हतं. रविवारी आगाशीच्या बाजारातून केळी घेतली आणि अर्नाळ्याची बस धरली.

मावशी दारात बोंबील निवडत बसली होती. केळी हातात घेऊन तिनं नाक मुरडलं. "इकत आनलीस? वाडीतली नाय?"

"वाडी आता कोण बघतंय? आणि मला शिवताही येत नाही," मी म्हटलं. "तुला द्यायला माझ्याकडे काहीच नाही गं, मावशी."

"मना तरी कुठं रगडायला जमतंय?" तिनं वाकडी झालेली बोटं दाखवली. मग बराच वेळ बोंबील नुसतेच इकडचे तिकडे केले. "एक काम करशील?"

"सांग ना."

"मना सगळी आजी म्हनतात. नायतर मावशी. कमळे म्हननारी एकटी तुजी आय होती. एकदा हाक मार."

जिनं मला न्हाऊ घातलं, तिला नुसत्या नावानं कशी हाक मारायची? पण ती वाट बघत होती, तोंड समुद्राकडे करून. मी आईसारखा आवाज चढवला.

"कमळे! अगो कमळे!"

"आले गो, आशे!" ती ठसक्यात म्हणाली.

वर्षभरात आईला कोणी हाक मारली नव्हती. मला रडू आवरेना. मावशीनं पदरानं आधी माझे डोळे पुसले, मग स्वतःचे.

"अजून एकदा मार," ती म्हणाली.