वाढत्या अंगाचा स्वेटर

मी स्वेटर बोलतोय. रंग पोपटी, छातीवर दोन पांढरे ससे. त्यातला एक सशापेक्षा उंदरासारखाच दिसतो, पण विणणाऱ्या बाईला ते सांगायचं कुणी?

विणणारी शरयू, सांगलीची. तिचा नवरा गंगाधर कुपवाडच्या कारखान्यात कामाला. त्यांचा निमिष चार वर्षांचा झाला, त्या १९९३च्या थंडीत तिनं मला विणलं. मापापेक्षा चांगला वीतभर मोठा! आपल्याकडची रीतच ती. "वाढतं अंग आहे, पुढच्या वर्षी नीट बसेल."

पुढचं वर्ष आलं, त्याच्या पुढचंही आलं. मी आपला त्याच्या अंगावर तसाच ढगळ. त्याची धाकटी बहीण ओवी त्याच्या उंचीला आली. "जुळी का हो?" असं कुणी विचारलं की शरयूचा चेहरा उतरायचा. मग तूप, खारीक, टॉनिक, सगळं झालं. पोर दोन घासांत दमायचं, दिवसभर पेंगायचं. वाहतं नाक माझ्याच बाहीला पुसायचं. मी कधी रागावलो नाही. गुणाचं लेकरू हो ते!

झोपला की मात्र घोरणं ऐकावं. गंगाधरला कोण कौतुक! "आमच्या घराण्याचं घोरणं आहे. कसा गाढ झोपलाय बघ." मध्येच ते थांबायचं, तेव्हा शरयू म्हणायची, "चला, आता शांत झोपला."

शांत कसला! मी त्याच्या छातीवर असायचो. त्या शांततेत श्वासच नसायचा. बरगड्या आत ओढल्या जायच्या, पोट धडपडायचं, मग एकदम दचकून हवा आत यायची. माझा जीव तुटायचा, पण लोकरीला तोंड कुठलं?

एकदा रहिमतपूरला लग्नाला निघालो. एस.टी.त निमिष गंगाधरच्या मांडीवर झोपला होता, गंगाधरचा हात माझ्यावर. शेजारची बाई हसली, "आवं, पोरगं लय घोरतंय की!" कराडच्या स्टँडवर गाडीचं इंजिन बंद झालं, आणि घोरणंही.

"बघा, आता कसं गप निजलं," बाई म्हणाली.

पण गंगाधरच्या हाताखाली छाती वर येईना. "शरयू, अगं, हा श्वास घेत नाही!" त्यानं गदागदा हलवलं, तेव्हा कुठे पोरानं मोठा श्वास ओढला. लग्न राहिलं बाजूला. समोर लागलेली सांगलीची गाडी धरून आम्ही माघारी फिरलो.

डॉक्टरांनी घसा पाहिला, मग एक्स-रे फोटो काढायला लावला. म्हणाले, "नाकामागची गाठ आणि टॉन्सिल सुजलेत. झोपेत श्वासाची वाट अडते. मूल झोपेत वाढतं हो. हा सारी ताकद श्वासासाठी घालवतो, वाढणार कधी?"

"आणि मी म्हणायचे, शांत झोपला," एवढं बोलून शरयू रडायला लागली.

ऑपरेशन झालं, तेवढा वेळ ती मला हातात पिळत बसली होती. घसा बरा झाला आणि पोर निवांत झोपू लागलं. तरी दोघं आळीपाळीनं छातीवर हात ठेवून बघायची. हळूहळू भूक लागली, गाल भरले. परवा तर मी त्याच्या डोक्यातून खाली उतरेना! तोकडं होण्यात एवढं सुख असतं, हे मला ठाऊक नव्हतं.

आयांनो, बाबांनो, लेकराच्या घोरण्याचं कौतुक करू नका. डॉक्टरांना दाखवा.

आज शरयूनं मला उसवायला घेतलंय. एक बाही गेली, उंदीरही गेला. माझ्याच लोकरीचा निमिषला नवा स्वेटर करायचाय. आत्ताच तिनं त्याला उभं करून माप घेतलं, माझ्याकडे पाहिलं आणि हसत आत हाक मारली, "अहो, एवढी लोकर पुरायची नाही. आणखी आणावी लागेल!"