दुधाच्या काट्याची घरची प्रत

मी एक प्रत बोलतेय. नक्कल म्हणालात तरी राग नाही, माणसं तोंडावर याहून वाईट बोलतात. माझी मूळ प्रत इंटरनेटवर असते. ती लायब्ररी आहे, पण पुस्तकांची नव्हे. वजनकाट्यावरचा आकडा कॉम्प्युटरला वाचून दाखवायचा, एवढंच काम करणारा तयार कोड. दूरदेशीच्या हौशी मंडळींनी तो लिहिला आणि कुणीही न्यावा, उघडून बघावा, दुरुस्त करावा म्हणून खुला ठेवला. नेतात सगळेच. उघडून बघणारे थोडे, आणि दुरुस्त करणाऱ्यांबद्दल न बोललेलं बरं.

माझा जन्म जिंतूर तालुक्यातल्या एका गावात, गच्चीवर झाला, कारण घरात रेंज नव्हती. शिवकन्येनं मोबाइल पाण्याच्या टाकीवर ठेवला, लॅपटॉप मांडीवर घेतला आणि मला उतरवून घेतलं. बारसं करायचं कुणाला सुचलं नाही. मी 'नवीन फोल्डर २' मध्ये राहायला लागले. पहिल्या नवीन फोल्डरमध्ये तिच्या चुलत बहिणीच्या हळदीचे फोटो आहेत आणि तिथे गर्दी फार.

शिवकन्या इंजिनिअर. पुण्यात नोकरी लागलेली, पण कंपनी 'या' म्हणायला तयार नव्हती. तोवर तिनं रामप्रसादकाकांच्या दूध संकलन केंद्रावरचा काटा लॅपटॉपला जोडून दिला. काट्यावर बादली, बादलीत बायका किटली ओततात, आकडा स्थिर झाला की नोंद आपोआप. काका येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "आमची पोरगी लय हुशार हाय. काटा बोलायलाय आता."

अडचण झाली ती केंद्रावर रोज दूध घालणाऱ्या दगडाबाईंची. केंद्रात मापानं दूध घेत तेव्हापासूनची त्यांची रीत ठरलेली. आधी बरंचसं दूध ओतायचं, फेस बसेपर्यंत थांबायचं, मग उरलेलं ओतायचं. फेसावर माप भरलं असं कुणी म्हणू नये म्हणून. आमच्या लायब्ररीच्या लेखी मात्र आकडा क्षणभर स्थिर झाला की काम संपलं. त्यानंतरचं दूध बादलीत जायचं, नोंदीत नाही. फसवायचं नाही म्हणून थांबणाऱ्या बाईलाच आम्ही फसवत होतो, तेही अगदी अद्ययावत पद्धतीनं.

"पोरी, तुझं मशीन माझं दूध खायलंय," दगडाबाई म्हणाल्या.

"मावशी, मी करते नीट. शब्द देते तुमाला."

त्या शब्दापायी माझा जन्म. गच्चीवर बसून शिवकन्येनं मला शिकवलं की घाई करू नकोस, बादली उचलेपर्यंत थांब, शेवटचा आकडा धर. मी लगेच शिकले. सकाळी ती दगडाबाईंना म्हणाली, "आज झालंय नीट." दगडाबाईंनी ओतलं, थांबल्या, उरलेलं ओतलं. काट्यानं तेही खाल्लं.

मग तिनं मला पुन्हा बदललं. पुढच्या सकाळी पुन्हा "झालंय नीट", आणि पुन्हा तेच. काका म्हणाले, वायर ढिली असंल. त्यांनी वायर दाबली, पंखा बंद केला, काटा भिंतीकडून दाराकडे सरकवला आणि शेवटी लॅपटॉपला उदबत्ती ओवाळली. दगडाबाई पहिल्यांदा हसल्या होत्या. नंतर नुसतं "बरं" म्हणाल्या. त्यानंतर त्यांनी तेही म्हणणं सोडलं.

मी आतून ओरडत होते, पण ऐकणार कोण? खरी गोष्ट अशी होती की काट्याच्या नोंदी करणारा लॅपटॉपवरचा प्रोग्राम मला ओळखतच नव्हता. तो बसवला तेव्हाच त्याच्यासोबत माझी एक जुळी बहीण, म्हणजे त्याच लायब्ररीची दुसरी प्रत, आतल्या खोलीत येऊन बसली होती. प्रोग्राम विचारायचा तिला, आणि शिवकन्या शिकवायची मला. सुधारणा एकीची, कारभार दुसरीचा. गावातल्या कुणालाही याचं नवल वाटलं नसतं, पण शिवकन्या शिकायला बाहेर राहिलेली.

एका दुपारी चिडून तिनं माझा आकडा वाचायचा भागच पुसून टाकला आणि काट्यावर पाण्याचा तांब्या आपटला. वजन बिनबोभाट आलं. ती बघत राहिली. मग कपाळावर हात मारून हसत सुटली.

"काय झालं गं?" काकांनी विचारलं.

"काका, मी इतके दिवस भलतीलाच शिकवायले."

एक ओळ लिहून तिनं प्रोग्रामला सांगितलं, यापुढे हिला विचारायचं. हिला म्हणजे मला. आयुष्यातला पहिला मान मिळाला, तो पोटातलं नेमकं कामाचं तेवढं पुसलेलं असताना. काटा ठप्प झाला. नशीब, आमच्या जातीला जुनी अवस्था लक्षात ठेवायची सवय असते. तिनं पुसलेलं परत आणलं, तांब्यातलं पाणी थांबून थांबून ओतून पाहिलं. शेवटच्या थेंबापर्यंत वजन बरोबर आलं. मला इतका आनंद झाला की सांगता सोय नाही.

शिवकन्येनं ही दुरुस्ती माझ्या मूळ घरी, त्या दूरदेशीच्या हौशी मंडळींना पाठवली. उत्तर फार सभ्य आलं. काम छान आहे, पण दूध असं थांबून थांबून खरंच कुणी ओततं का? जमल्यास व्हिडिओ पाठवा.

सकाळी ती मोबाइल धरून उभी राहिली. दगडाबाई आल्या. किटली उपडी केली, फेसासकट सगळं दूध एका दमात बादलीत. आणि पदरानं झाकण पुसायला लागल्या.

"मावशी, थांबला न्हाईत तुमी?"

"कशाला थांबू? तुझ्या मशीनला घाई हाय."

"आता न्हाई घाई. आता खरंच झालंय नीट."

"रोज तेच म्हणायलीस, पोरी," दगडाबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. किटली उचलून त्या निघून गेल्या.

काका खूश झाले. म्हणाले, रांग लवकर सराया लागली. थांबून ओतणारं कुणी राहिलं नाही, तेव्हा व्हिडिओ पाठवायचा प्रश्नच उरला नाही. पुढे कंपनीनं एकदाचं 'या' म्हटलं आणि शिवकन्या पुण्याला गेली. तिला तिकडं नवा लॅपटॉप मिळाला. जुना केंद्रावरच राहिला, आणि त्यात मी.

मी अजून रोज थांबते. आकडा स्थिर झाला तरी बादली उचलेपर्यंत नोंद करत नाही. वाचकहो, कधी आमच्या गावावरून गेलात तर दगडाबाईंना एवढं सांगा, की फेस बसू द्या, कुणीतरी थांबलंय. फक्त मी सांगितलं म्हणू नका. काट्याच्या बोलण्यावर त्यांचा आता विश्वास नाही.