पाहुणा राहणार की जाणार?

मित्रांनो, मी एक जुना रिमोट आहे. माझ्या पाठीवरचं झाकण कधीच हरवलं. सेल पडू नयेत म्हणून कमरेला रबरबँड आहे आणि आवाज वाढवायचं बटण झिजून गुळगुळीत झालंय. आज मला कुणी हात लावत नाही. पण एके काळी माझ्यासाठी या घरात रोज ओढाताण व्हायची.

मी कारखान्यात जन्मलो, खोक्यात झोपून दुकानात आलो आणि तिथून एका तरुण माणसाच्या पिशवीतून या घरी आलो. घरात तो, त्याची बायको आणि त्याची धाकटी बहीण. पुढं तो तरुण आजारपणात गेला. मागं नणंद-भावजय दोघीच उरल्या. नणंद घरीच शिवणकाम करायची, भावजय चष्म्याच्या दुकानात जायची. संध्याकाळी दोघी सोफ्यावर पाय वर घेऊन बसायच्या आणि एक विनोदी मालिका बघायच्या.

त्या मालिकेत एक पाहुणा होता. चार दिवसांसाठी म्हणून आलेला आणि कित्येक पर्वं उलटली तरी न हललेला. प्रत्येक भागात तो बॅग घेऊन दारापर्यंत जायचा आणि नेमकी त्याची दाढ तरी दुखायची, नाहीतर लिफ्ट तरी बंद पडायची.

दोघींचा एक खेळ होता. शेवटच्या प्रसंगाआधी मला दाबून चित्र थांबवायचं आणि पुढं काय होणार ते सांगायचं. एक जे म्हणेल त्याच्या उलटच दुसरीनं म्हणायचं, नाहीतर भांडायला मजा काय? जिचा अंदाज चुकेल तिनं भांडी घासायची.

"आज जातोय बघा, वन्सं. मेल्यानं नवी बॅग घेतलीय!"

"कसला जातोय! दाढीचं सामान अजून न्हाणीघरात आहे त्याचं. वहिनी, दुसऱ्यांना चष्मे देतेस, एखादा स्वतःला पण लाव."

भावजय नेहमी 'जाणार' म्हणायची, नणंद 'राहणार'. भांडी दर वेळी भावजयच घासायची, तीही हसत हसत. मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस होते.

मग मालिकेचं शेवटचं पर्व सुरू झालं. पाहुण्याचं आता काय होणार, यावर दोघी जेवताना बोलायच्या, कपडे वाळत घालताना बोलायच्या. त्याच सुमारास चष्म्याच्या दुकानाच्या मालकानं लांबच्या गावी नवं दुकान काढलं आणि भावजयीला विचारलं, "सांभाळाल का? वर राहायला खोली आहे."

तिनं हे नणंदेला कपड्यांच्या घड्या घालताना सांगितलं. नणंद "बरं" म्हणाली आणि शिलाई मशीन चालवत राहिली. सुईखालचं कापड संपलं होतं, तरी मशीन चालूच होतं. 'जा' नाही, 'जाऊ नकोस' नाही. नवरा गेल्यावर या घरात आपण कोण, हे भावजयीला कुणाला तरी विचारायचं होतं. पण असं कसं विचारणार?

शेवटून दुसरा भाग होता. भावजयीनं चित्र थांबवलं. पण अंगठा तिनं बटणावरून उचललाच नाही.

"मला वाटतं, तो राहील," ती म्हणाली. "घरातलं कुणी 'राहा' म्हणालं, तर राहील."

तिनं बाजू बदलली होती. आणि नणंदेच्या तोंडून सवयीनं उलटंच निघालं.

"छे! जाईल तो. आणि जावंच! दुसऱ्याच्या घरात किती राहायचं माणसानं? काही लाज आहे की नाही?"

एवढं बोलून ती हसत टोल्याची वाट बघत बसली. टोला आलाच नाही. भावजयीनं मला अलगद उशीवर ठेवलं.

"बरोबर आहे तुमचं," ती म्हणाली आणि कोण जिंकलं हे न बघताच भांडी घासायला गेली.

दुसऱ्या दिवशी तिनं मालकाला होकार दिला. नणंदेला आपल्या बोलण्याचा अर्थ कळला, तो माळ्यावरची बॅग खाली आलेली पाहिल्यावर. पण तेव्हा जीभ रेटेना. तिनं रात्रंदिवस खपून वहिनीला दोन ब्लाउज शिवून दिले, बाह्या तिला आवडतात तशा ठेवल्या.

"येते मी, वन्सं."

"हं. सावकाश जा."

शेवटचा भाग नणंदेनं एकटीनं लावला. पाहुणा दाराच्या कडीवर हात ठेवून उभा राहिला तेव्हा तिनं मला दाबलं.

"राहील," ती मोठ्यानं म्हणाली.

'जाईल' म्हणायला शेजारी कुणी नव्हतं. मग पुढचं न बघताच तिनं टीव्ही बंद केला. तेव्हापासून तो बंदच आहे.

रविवारी फोन येतो. "काय झालं हो वन्सं, पाहुण्याचं?"

"नाही गं बघितलं अजून. शिवण फार आलंय. तू?"

"इथं टीव्ही कुठला?"

मग दोघी पावसापाण्याचं विचारतात आणि फोन ठेवतात.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तूची धूळ पुसा, वेळेवर सेल बदला, एवढं तुम्ही करालच. पण जवळचं माणूस पडद्यावरच्या माणसाबद्दल काही विचारत असलं, तर आधी त्याच्या चेहऱ्याकडे बघा, मग उत्तर द्या. चित्र थांबवायचं बटण माझ्या अंगावर आहे. दाराबाहेर पडणाऱ्या माणसाला मात्र 'राहा' असं तुमचं तुम्हालाच म्हणावं लागतं, आणि ते बॅग खाली यायच्या आत.