नावेतली पोर

भिंती भाजून झाल्या होत्या, बुरुज गार होत होते आणि खिडक्या अजून व्हायच्या होत्या. खिडक्यांसाठी लिंबाच्या गोळ्या कुटायच्या, तो चुरा बिस्किटांना पाडलेल्या चौकोनी भोकांत भरायचा आणि ट्रे परत ओव्हनमध्ये सरकवायचा. चुरा वितळतो आणि त्याची पिवळी काच होते. मी गोळ्या कुटत होते आणि माझी लेक गोटी ओट्याखाली बसून उडालेले तुकडे वेचून खात होती.

"आई, घर खाऊ?"

"आत्ता नाही ग राणी. दुपारी. पुस्तकाच्या वेळी."

पुस्तक म्हटल्यावर तिने तोंड वाकडं केलं. तिच्या लेखी पुस्तक म्हणजे आईची पाठ.

ते बिस्किटांचं शहर माझ्या कादंबरीतलं होतं. तिथे संध्याकाळ व्हायची बंद झाली आहे. सूर्य डोक्यावर अडकला आहे, झोप नसल्यामुळे माणसं एकमेकांच्या अंगावर येतात, आणि एक लहान मुलगी हरवलेली संध्याकाळ शोधायला निघते. पहिल्या भागात ती शहराबाहेर पडते. दुसऱ्या भागात तिला संध्याकाळ सापडते, ती तिला फडक्यात गुंडाळून छातीशी धरते आणि परत निघते. शेवटच्या पानावर नावाडी वल्ह्यासकट पाण्यात उडी टाकून पळून जातो. पोर नदीच्या मध्यावर, एकटी. तिसऱ्या भागात ती घरी पोचायची होती.

त्या दिवशी दुसऱ्या भागाचं प्रकाशन होतं. तिसऱ्याचं नक्की काहीच नव्हतं. संपादक ताई फोनवर म्हणाल्या होत्या, "दुसऱ्याला कसा प्रतिसाद मिळतो ते बघू, मग बोलू." म्हणून हा सगळा खटाटोप. लोक शहर बघायला येतील, बघता बघता पुस्तक उचलतील, असं माझं गणित.

मला बेकिंगची फार आवड आहे असं घरात सगळ्यांना वाटतं. आहे थोडी. पण बिस्किटांचं पीठ मळलं की ते फ्रिजमध्ये गार करायला ठेवावं लागतं, नाहीतर ओव्हनमध्ये पसरतं. "लिहितेय" म्हटलं की सगळे हाका मारतात. "पीठ गार होतंय" म्हटलं की कुणी मारत नाही. दुसरा भाग मी असाच लिहिला, गोटी मांडीवर आणि फोन एका हातात. घरातल्यांची वजनं वाढली, ती त्या नदीपायी.

सासूबाई टेबलाशी बसून बटर पेपर कापत होत्या.

"काय ग, त्या पोरीला किती दिवस नावेत उपाशी ठेवणार आहेस?"

मी कुटायची थांबले. "आई, तुम्ही वाचलंत?"

"शेवटचं पान वाचलं. मी आधी शेवटच बघते. माणसं मरणार असतील तर उगाच जीव कशाला लावा?"

"मरणार नाही ती."

"मग आण की घरी लवकर. एवढीशी पोर ती."

"आणते," मी म्हटलं. आणि गोटीच्या तोंडातून गोळीचा मोठा तुकडा बोटाने काढला.

दुकानापर्यंत शहर नवऱ्याच्या मांडीवर गेलं. टॅक्सीवाल्याला तो दर वळणावर "दादा, सावकाश, शहर आहे" म्हणत होता आणि टॅक्सीवाला आरशातून आमच्याकडे जपून बघत होता. एक बुरुज कलंडलाच. आयसिंगची पिशवी मी पर्समध्येच ठेवली होती, ती काढून चालत्या गाडीत तो चिकटवला.

पुस्तकांच्या दुकानात खुर्च्या मांडलेल्या होत्या. बऱ्याच शेवटपर्यंत रिकाम्या राहिल्या. नवऱ्याच्या ऑफिसातले दोघे आले. माझी शाळेतली मैत्रीण आली. एक आजोबा पाय दुखतात म्हणून टेकले होते, त्यांना उठवायचा कुणाला धीर झाला नाही. बाकीच्या, काचेतून बिस्किटांचं शहर बघून मुलांना घेऊन आत शिरलेल्या आया. मी नदीचं पान वाचायला घेतलं. नावाडी उडी टाकणार एवढ्यात गोटी सासूबाईंच्या कडेवरून ओरडली, "आई, शू!"

दिवसभरातलं सगळ्यात मोठं हसू त्यावर आलं. मग सासूबाई तिला घेऊन घरी गेल्या.

वाचन संपलं तसे सगळे शहराभोवती जमले.

"ही काच खरंच खाता येते?"

"आलं घातलंय ना यात? आणि दालचिनी?"

"माझ्या मुलाच्या वाढदिवसाला असा किल्ला करून द्याल? फक्त निळा हवा."

आधी तट गेला, मग बाजार, मग घरं. मुलं खिडक्या डोळ्यांना लावून दिव्याकडे बघत होती आणि मग त्या चोखत होती. नवरा गर्दीत फोनवर नंबर टिपून घेत होता. त्याचा चेहरा असा फुलला होता, की मला वाटलं झालं, जमलं.

"अगं, तिघीजणी विचारतायत!"

"तिसऱ्या भागाचं?"

त्याने फोन खाली केला. "केकचं."

संपादक ताईंनी मला मागच्या खोलीत बोलावलं. तिथे खोकी छतापर्यंत रचलेली होती आणि बसायला एक स्टूल. त्यांनी मला स्टुलावर बसवलं आणि स्वतः उभ्या राहिल्या, तेव्हाच मला कळलं.

"आजच सांगायला नको होतं," त्या म्हणाल्या, "पण उद्या तुला दुसऱ्या कुणाकडून कळलं असतं, तर मला जास्त लागलं असतं. तिसरा होत नाहीये ग."

"पण दुसरा तर आजच आलाय."

"दुसराही माझ्या हट्टापायी काढला प्रकाशकांनी. पहिल्याचे गठ्ठे अजून गोदामात पडून आहेत."

मी म्हटलं, "मग मी लिहिते आणि फुकट टाकते कुठेतरी. नेटवर. ती पोर घरी पोचली की झालं, मला बाकी काही नको."

ताईंनी चष्मा काढून पुसला. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं. "करार वाच ना. ते शहर, ती मुलगी, सगळ्याचे हक्क प्रकाशनाकडे आहेत. ते काढणार नाहीत आणि दुसऱ्या कुणाला काढू देणार नाहीत. मी भांडले. खरंच भांडले." मग, काहीतरी बरं बोलायला हवं म्हणून, "बाहेर बघ कशी झुंबड उडालीय. बेकिंगवर काही लिहिणार असलीस तर ते एका दिवसात हो म्हणतील."

त्यांचा हेतू वाईट नव्हता. त्यांच्या ओठाला आयसिंग लागलं होतं, तेही मी त्यांना सांगितलं नाही.

बाहेर आले तर दुकान रिकामं झालं होतं. नवरा खुर्च्या आवरायला मदत करत होता. ट्रेवर चुरा आणि एका भिंतीचा तुकडा. तो मी तोंडात टाकला. मऊ पडला होता.

तेवढ्यात दार ढकलून एक बाई धापा टाकत आत आली. अंगात दवाखान्यातला हिरवा अंगरखा, गळ्यात मास्क लोंबतोय.

"संपलं का हो? हे डॉक्टर! शेवटच्या पेशंटची दाढच निघेना, मी दिवा धरून उभी आपली." मग तिने भिंतीवरच्या माझ्या फोटोकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि एकदम चपला काढल्यासारखी अवघडून उभी राहिली. "तुम्हीच ना? मी दाताच्या दवाखान्यात असते, इथे कोपऱ्यावर. दुसरा भाग सकाळी दुकान उघडल्या उघडल्या नेला. दोन पेशंटच्या मधे मधे वाचून संपवला पण."

"संपवला?"

"डॉक्टर म्हणाले, एवढा अभ्यास शाळेत केला असतास तर माझ्या जागी असतीस." ती हसली, आणि मग हसू ओसरलं. "तुम्ही असं कसं केलंत हो? नदीत सोडलीत तिला? मी डब्यातली भाजी तशीच ठेवून बसले. माझी बहीण म्हणते, नावाडी वाईट नाहीये, तो पाण्यात शिरून खालून नाव ढकलणार आहे. मी म्हणते पळाला मेला. पैज लागलीय आमची. जी हरेल तिने महिनाभर न्हाणीघर घासायचं."

तिची बहीण जिंकली होती. हे जगात फक्त मला माहीत होतं. नावाडी पाण्याखालून नाव ढकलत नेतो, पोरीला वाटतं नाव आपोआप चाललीय, आणि काठावर पोचल्यावर... सगळं तयार होतं माझ्याजवळ, तिच्या ओल्या पायांच्या ठशांपर्यंत.

एवढ्या मोठ्या दुकानात ते ऐकायला लायक असं हे एकच माणूस होतं.

"शेवट सांगू तुम्हाला?" मी म्हटलं. "आत्ता? बसा इथे. सगळा सांगते."

तिने दोन्ही हात कानांवर ठेवले. अगदी गोटी ठेवते तसे, कोपरं बाहेर काढून.

"अहो नको! वेड लागलंय का तुम्हाला? एक शब्द बोलू नका!"

"अहो, ऐका तरी—"

"तुमच्या चेहऱ्यावरून पण कळेल मला. मी बघतच नाही तुमच्याकडे." आणि तिने खरंच भिंतीकडे तोंड केलं. पाठमोरी राहून विचारलं, "फक्त कधी येणार, तेवढं सांगा."

म्हणायचं ते वाक्य अगदी छोटं होतं. ताईंनी मला ते एका दमात सांगितलं होतं. मी तिच्या पाठीकडे बघत राहिले. अंगरख्याची नाडी मागे घाईघाईत बांधलेली, अर्धी सुटलेली.

"वेळ लागेल," मी म्हटलं.

"लागू दे की." ती वळली. चेहरा मोकळा झाला होता. "घाईघाईत बिघडवू नका बाई. लहान मूल आहे ना तुम्हाला? दुकानातले सांगत होते. मग सावकाश लिहा. आम्ही काय, दोघी बहिणी भांडत बसू तोवर."

तिने पुस्तक पुढे केलं. मी सही केली. पुस्तकाच्या कडेला लवंगेच्या तेलाचा वास येत होता, आणि शेवटच्या पानाचा कोपरा अजून दुमडलेला होता. तिने ते अंगरख्याच्या आत घातलं, पोटाशी, आणि दवाखान्याच्या दिशेने निघून गेली.

नवऱ्याने शेवटची खुर्ची भिंतीला लावली आणि रिकामा ट्रे काखेत घेतला.

"कोण होती?"

"वाचक."

"काय म्हणाली?"

"थांबते म्हणाली."