डाव्या पंखावरचा अंगठा

स्वयंपाकघरात पातेल्यावरचं झाकण टक् करून वाजलं आणि ताईनं श्वास रोखला. आतल्या खोलीत तिची छकुली झोपली होती. ती हलली नाही. ताईनं मला केसभर पुढं सरकवलं, हात मागं घेतला आणि कॅमेऱ्याची कळ दाबली.

मित्रांनो, मी एक जुनं मातीचं विमान आहे. तेलात मळलेल्या, कधीच न वाळणाऱ्या मातीचं. तुमच्या मुठीत मावेन एवढाच माझा जीव. पण जुन्या वळणाच्या एका व्हिडिओ गेममध्ये पडद्यावर डावीकडून उजवीकडे झेपावत, समोरून येणाऱ्या शत्रूंवर गोळ्या झाडत जातो, तो मीच.

मला घडवलं ताईच्या बाबांनी, ताईच्या त्या पहिल्या खेळासाठी. त्यांचा धंदा कवळ्या बनवण्याचा. "आयुष्यभर दात बसवले, आता पंख बसवून बघतो," म्हणाले. डावा पंख अंगाला जोडताना त्यांनी अंगठा दाबला आणि सांध्यावर त्याच्या रेषा उमटल्या. ताई पुसायला निघाली, तर म्हणाले, "राहू दे गं. हातानं केलंय हे कळू दे की लोकांना."

खेळ लोकांनी डोक्यावर घेतला. मुलं मला अंगठ्याचं विमान म्हणू लागली. मग नवे खेळ आले आणि मी डब्यात गेलो. पुढं बाबाही गेले. डब्याच्या अंधारात माझा रंग विटला, शेपटी चेपली. त्या रेषा मात्र मी जिवापाड सांभाळल्या.

आता ताई आणि तिचा धाकटा भाऊ त्या खेळाचा दुसरा भाग करताहेत. भाऊ त्याच्या घरी बसून संगणकाचं बघतो, ताई मातीचं. छकुलीचा डोळा लागला की ताईचं काम सुरू. मला केसभर हलवायचं, फोटो काढायचा, पुन्हा हलवायचं. ते फोटो भराभर एकामागून एक दाखवले की पडद्यावर मी उडतो. मध्येच मी मोडलो, तर ती झेप पहिल्यापासून.

आज शेवटची झेप होती. खिडकीबाहेर ढग आला आणि उजेड मंदावला. ढग सरेपर्यंत थांबायचं, तर छकुली उठणार. ताईनं दिवा माझ्याजवळ ओढला. अगदी जवळ.

माझं अंग मऊ पडू लागलं. ओरडून सांगावंसं वाटलं, पण मातीला तोंड कुठलं? डावा पंख नजरेत भरणार नाही इतका हळूहळू झुकू लागला. ताईचा डोळा कॅमेऱ्यालाच चिकटलेला.

तेवढ्यात फोन थरथरला. भाऊ होता.

"ताई, किती राहिलं?"

"थोडंच. हळू बोल, उठेल ती."

"दिवा लांब आहे ना? बाबा काय म्हणायचे, माती आणि जावई, फार तापवू नयेत."

ताईला हसू फुटलं आणि हसता हसता तिची नजर दिव्यावर गेली.

"अगं बाई..."

तिनं दिवा विझवला आणि पंख कडेला चिमटीत धरला. पण सांधाच सुटत होता. सोडला तर पंख गळून पडणार. दाबला तर रेषा पुसणार. तिचा अंगठा सांध्यावर क्षणभर थांबला. मग तिनं डोळे मिटले आणि दाबला.

"ताई? काय झालं? पंख गेला का?"

"पंख आहे रे," ती म्हणाली. काय गेलं ते भाऊ समजला.

माती गार होईपर्यंत तिनं हात काढला नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं मी तुम्हाला सांगणार होतो. पण मला जपतानाच तर त्या रेषा गेल्या. म्हणून एवढंच सांगतो, ज्यावर जीव आहे त्याच्यापासून दिवा जरा लांब ठेवा. घाईत असाल तेव्हा आणखी लांब.

छकुली डोळे चोळत आली आणि खुर्चीवर चढली. ताईनं हात उचलला. सांध्यावर नव्या, बारीक रेषा उमटल्या होत्या आणि कडेला जुन्यांपैकी एक रुंद रेष अजून तग धरून होती. छकुलीनं नाक अगदी पंखापाशी नेलं. मग आईचा अंगठा हातात घेऊन तो उलटसुलट करून पाहिला.

"आई, आता हा अंगठा आजोबांचा की तुझा?"