‘आयर्न बेल’ला सहा गुण

मनाली सरवदेनं ‘आयर्न बेल’ला दहापैकी सहा गुण दिले आणि बघता बघता लोक तिच्या चॅनलवर तुटून पडले.

चॅनल तसं लहानच. आठवडाभर चिंचोळी एमआयडीसीतल्या कारखान्यात मालाची तपासणी करायची आणि सुट्टीच्या दिवशी व्हिडिओ गेमची परीक्षणं मराठीतून करायची, असा तिचा शिरस्ता. बोलायची मोजकं, पण तुकडा पाडून. ‘आयर्न बेल’ हा बॉक्सिंगचा खेळ तिच्या जन्माआधीचा. व्हिडिओ गेमच्या पार्लरमधल्या मशीनमध्ये नाणं टाकून तो उभ्यानं खेळत. आता कंपनीनं त्यालाच रंगरंगोटी करून घरच्या टीव्हीवर आणला होता. मोठमोठ्या इंग्रजी परीक्षकांनी नऊ, साडेनऊ असे गुण वाटले होते. कुणाला शाळा आठवली, कुणाला पहिली मारामारी.

मनाली मात्र व्हिडिओत म्हणाली, “खेळ देखणा आहे. एकेक प्रतिस्पर्धी नमुना आहे. थोडा लवकर संपतो. पण बालपणाला गुण देता येत नाहीत. शेवटचा गडी ग्रॅनाइट गस, ठोसा मारण्याआधी खांदा पाडतो. मी खांदा बघते, वेळेवर बटण दाबते आणि तरी मार खाते. बोटं माझी बरोबर आहेत. हा नवा खेळच बटणाचं उशिरा ऐकतो.”

“नाचता येईना, अंगण वाकडं,” कुणीतरी खाली लिहिलं. कुणी तिला लुडो खेळायचा सल्ला दिला. शिव्या तिनं वाचल्या आणि सोडून दिल्या. एका माणसाची ओळ मात्र तिला आवडली, कारण त्यानं खाली स्वतःचं नाव आणि पत्ता दिला होता: ‘शंकरप्पा बिराजदार, मोबाइलचं दुकान, नवी पेठ. जुनी मशीन आमच्याकडं अजून चालू हाय. रविवारी या आणि तोंडावर सांगा.’

“मी येऊ का सोबत?” तिच्या वडिलांनी, धर्मपालनी विचारलं.

“कशाला पप्पा? गेम खेळायला तर चाललेय.”

तिनं टीव्हीला जोडायचा गेमचा डबा पिशवीत घातला, वायरी गुंडाळल्या आणि स्कूटीला किक मारली.

शंकरप्पा पन्नाशीचा, टकलावर हात फिरवत बोलणारा गडी. एके काळी त्याचं व्हिडिओ गेमचं पार्लर होतं. ते मोडलं तेव्हा बाकीची यंत्रं त्यानं भंगारात घातली, ही एकच ठेवली. दुकानाच्या मागच्या खोलीत, कव्हरांच्या खोक्यांमध्ये ती उभी होती. भोवती त्याचे जुने दोस्त चहाचे कप घेऊन जमले होते. तमाशा बघायला आले होते, हे त्यांच्या चेहऱ्यांवरूनच कळत होतं.

“ही का ती सहा गुणांची बाई?” एकजण म्हणाला.

“व्हय, मीच,” मनाली म्हणाली. “आधी मशीनवर खेळू द्या की.”

नाणं पडलं. मशीनचा जॉयस्टिकचा दांडा तिच्या हाताला नवा होता, त्यामुळे पहिल्या खेपेला तिनं मार खाल्ला आणि मागं कुणीतरी हसलं. पण हात बसायला तिला वेळ लागला नाही. एकेक गडी झोपवत ती ग्रॅनाइट गसपर्यंत पोचली. त्यानं खांदा पाडला, तिनं बटण दाबलं आणि पडद्यावरचा तिचा बॉक्सर त्याच क्षणी खाली वाकला. ठोसा हवेत गेला. मग तिनं त्याला सावरूच दिलं नाही. गस आडवा झाला तेव्हा मागचं हसू थांबलं होतं.

“आता तुम्ही,” ती शंकरप्पाला म्हणाली. “पण टीव्हीवर.”

नवा खेळ शंकरप्पानं विकत घेतला नव्हता, नुसता लोकांच्या तोंडून ऐकला होता. मनालीनं भिंतीवरच्या टीव्हीला डबा जोडला आणि बटणांचा रिमोट त्याच्या हातात दिला. सुरुवातीचे गडी त्यानं सहज लोळवले. गसनं मात्र त्याला लोळवलं. तो पुन्हा खेळला, पुन्हा पडला.

“हातात दांडा न्हाय ना. सवय लागती त्येला,” तो म्हणाला.

मनालीनं खास यासाठी मागून आणलेला दांडा पिशवीतून काढून जोडला. शंकरप्पा तरीही पडला.

“टीव्हीचा दोष असंल.”

“टीव्हीचं सेटिंग गेमसाठी बदलून दिलंय. माझ्या घरच्या टीव्हीवरही हेच होतंय.”

मग तो खेळायचाच थांबला. एकच बटण दाबून पडद्यावरच्या हातमोज्याकडं बघत राहिला. बटण दाबायचं, मोजा उठायचा. मध्ये जरासा अवकाश राहायचा. तो नजरेला दिसेल न दिसेल, पण ज्याची उमर त्या मशीनवर गेली त्याच्या बोटांना कळायलाच हवा होता. शंकरप्पानं दांडा खाली ठेवला.

“हा आमचा गेम न्हाय,” तो दोस्तांना म्हणाला. “तिचं बरोबर हाय. उशिरा चालतंय.”

त्याचा चेहरा इतका उतरला की जिंकल्याचा आनंद मनालीला उघड दाखववेना. तरी आतून तिला हलकं वाटत होतं. आपले डोळे आणि आपली बोटं खोटी नव्हती.

“एक इचारू?” शंकरप्पा जरा वेळानं म्हणाला. “लवकर संपतो म्हनलासा. मागं पोरं रांगेत उभी असताना किती येळ खेळायचं मानसानं? दुसऱ्याला नंबर नगं द्यायला?”

मनालीनं क्षणभर विचार केला. “हे मात्र पटलं. ते वाक्य मी मागं घेते.”

पुढचं परीक्षण तिनं तिथंच, दोन्ही खेळ शेजारी ठेवून केलं. कॅमेऱ्यासमोर हात शंकरप्पाचे होते. नव्या खेळाचे सहा गुण तिनं तसेच ठेवले. जुन्या मशीनला साडेआठ दिले.

“धा का न्हाईत?” शंकरप्पानं कॅमेरा चालू असतानाच विचारलं.

“यातला तो हिंदुस्थानी गडी बघा. पगडीतून साप काढतो, पुंगी वाजवतो. दीड गुण त्याचा कापला.”

“अवो, हितली पोरं त्येला आपला मानूस म्हनून जपून मारायची.”

“ते पोरांचं मोठेपण. खेळाचं नाही.”

शंकरप्पा मोठ्यानं हसला. ते हसू तिनं व्हिडिओत तसंच ठेवलं. संध्याकाळी व्हिडिओ चॅनलवर गेला आणि साडेआठ कमी की जास्त यावरून लोक परत भांडायला लागले. या वेळी मनाली एकेकाला उत्तर देत बसली, मजेत.