पायाळू सून

"जरा वर. हां, तितंच," भरमू म्हणाला.

तो उंबऱ्यावर पालथा पडला होता आणि प्रेमला त्याच्या कमरेवर डावा पाय टेकून उभी होती. रविवारची सकाळ. अंगणात आणखी चौघे पाठ धरून बसले होते. प्रेमला पायाळू; आईच्या पोटातून पाय आधी घेऊन आलेली. अशा माणसाचा पाय तीनदा लागला की पाठीत भरलेली उसण पळते, याची निपाणी भागात सगळ्यांना खात्री. हे दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आदल्या वर्षीचं. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि तेवढ्यात तिने निदान शंभर पाठी मोकळ्या केल्या असतील. मूलबाळ नव्हतं. रांधायला-वाढायला तर घरात सगळ्याच बायका होत्या, पण लोक लांबून पत्ता विचारत यायचे ते तिच्यासाठी, आणि याचा तिला मनातून थोडा ताठा होता.

आणि तिच्यापासून दहा पावलांवर, सोप्यात, तिचे सासरे धरणेंद्राप्पा दोन वर्षं पाठीला हात लावून कण्हत होते. सून सासऱ्याला पाय कशी लावणार? सगळ्या गावाची सोय झाली आणि घरधन्याचीच तेवढी राहिली. आप्पांनी निरगुडीचा पाला बांधला, विटेचा शेक घेतला, एका वैदूकडून पाठीवर डाग देऊन घेतले. पाठ वाकतच गेली.

तीन आठवड्यांपूर्वी ते बेळगावला डॉक्टरकडे गेले. प्रेमलाचा नवरा वर्धमान तंबाखूच्या कामात अडकलेला, म्हणून सोबत प्रेमला गेली. डॉक्टरने हाडाचा फोटो काढला, उजेडावर धरून बघितला आणि दोघांना समोर बसवून सांगितलं, "कापाकापी नको. पण हा क्षय आहे, कण्याच्या हाडात. मणका आतून पोखरलाय. प्लास्टर घालून सहा महिने फळीवर उताणं पडून राहायचं. पाठ चोळायची नाही, दाबायची नाही. मणका खचला तर पाय जातील."

परतीच्या मोटारीत तवंदीचा घाट लागला तशी आप्पांनी आवाज खाली आणला. मग म्हणाले, "प्रेमला, क्षयाचं नाव घरात काढू नगंस. उसण हाय म्हणाला, असं सांग. जयाचं लगीन महिन्यावर आलंय. त्या लोकास्नी कळलं तर पोरगी घरात ऱ्हाईल. अक्षता पडल्या की निजतो मी फळीवर."

"व्हय, मामा," प्रेमला म्हणाली. जया तिची धाकटी नणंद. तिच्या हाताखाली वाढलेली म्हटली तरी चालेल.

आता लग्न आठ दिवसांवर आलं होतं आणि आप्पांना भिंत धरल्याशिवाय उभं राहवत नव्हतं. भरमू कंबर हलवून बघत निघून गेला, तशी सासू चंपाबाई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली.

"आता ह्यांचं बघ," ती म्हणाली.

"आत्ती, मामास्नी पाय कसा लावू?"

"बस्तीत जिनदेवापुढं उपाध्यास्नी इचारलंय. तुजा पाय मी धुणार, नमस्कार करणार. तेवढ्या घडीला तू सून न्हाईस."

"मला न्हाय जमायचं."

"का?"

प्रेमलाने अंगणाकडे बघितलं.

"गावाच्या उसणीला तुजा पाय लागतोय आणि घरच्या माणसाला न्हाय? बाप मांडवात उभा ऱ्हायला न्हाय तर लोक काय म्हणतील?"

अंगणातले चौघे कान देऊन ऐकत होते. त्यांतला यल्लाप्पा तर जयाच्या होणाऱ्या सासरच्या गावचा. आप्पा सोप्याचा खांब धरून उभे होते. त्यांनी यल्लाप्पाकडे बघितलं, मग सुनेकडे. आता ही काय बोलून बसते, एवढीच भीती त्यांच्या तोंडावर दिसत होती. प्रेमलाला त्यांची इतकी कीव आली की रडू फुटेल असं वाटलं.

"लाव गं," ते म्हणाले. "हळू लाव."

आणि एकेक हात टेकत ते उंबऱ्यावर पालथे झाले.

चंपाबाईने सुनेचा पाय धुतला, त्यावर डोकं टेकवलं. पहिल्यांदा प्रेमलाने नुसता अंगठा लावला. सदऱ्याखाली लिंबाएवढा उंचवटा लागला. दुसऱ्यांदाही तिने तेवढंच केलं.

"अशानं काय हुतंय? भरमूला लावलास तसा लाव," सासू म्हणाली.

तेव्हा प्रेमलाच्या मनात ते आलं. पुढे तिने हे कुणालाच सांगितलं नाही, नवऱ्यालासुद्धा नाही. डॉक्टरने फोटो बघितलाय, माझा पाय कुठे बघितलाय? शंभर जण उठून चालत गेले. मामाच का उठणार नाहीत? तिने तिसऱ्यांदा पाय ठेवला आणि त्यावर भार दिला.

तळव्याखाली काहीतरी आत बसलं.

आप्पांनी उंबऱ्यावरून मान वळवली. मग म्हणाले, "कळ गेली."

"काय म्हणालासा?" चंपाबाईने विचारलं.

"गेली की. कमरंखाली कायबी दुखत न्हाय."

चंपाबाई रडायलाच लागली. चौघांतल्या दोघांनी आप्पांना उचलून सोप्यातल्या बाजेवर टेकून बसवलं. इतक्या दिवसांचे आखडलेले पाय, चालायला वेळ लागणारच, असं सगळे म्हणाले. यल्लाप्पा प्रेमलाच्या पाया पडला. जयाने सगळ्यांच्या हातावर गूळ ठेवला. दोन वर्षांत आप्पांचा चेहरा एवढा मोकळा कुणी बघितला नव्हता, आणि ते मांडवाच्या गोष्टी काढून बसले. प्रेमलाला हायसं वाटलं. घटकाभर अगदी खरंच वाटलं.

आप्पांना पाणी द्यायला ती वाकली तेव्हा तिला दिसलं. त्यांच्या पायाच्या अंगठ्याला मुंगळा डसला होता. चांगला घट्ट. रक्ताचा थेंब खालच्या फरशीवर पडला होता. आणि आप्पा बोलत होते, मांडव दारात घालायचा का परसात.

प्रेमलाने तांब्या खाली ठेवला. मुंगळा मरणार नाही अशा बेताने दोन बोटांनी सोडवला आणि अंगणाच्या कडेला नेऊन सोडला. परत आली तेव्हा आप्पा अंगठ्याकडे बघत होते. ते पाय मागे घ्यायला गेले. पाय होता तिथेच राहिला. मग त्यांनी मान वर करून तिच्याकडे बघितलं.

"काय चावलं काय, आप्पा?" यल्लाप्पाने विचारलं.

"न्हाय रं," आप्पा म्हणाले. त्यांनी दोन्ही हातांनी धोतर ओढून पायांवर नीट घेतलं. "तर मांडव दारातच घालू. मला बसल्या जागंवरनं पोरगी दिसंल."